रात्रीचं जेवण ओव्हनवर सोपवताना: ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असलेल्या घरासाठी आठवड्याची आखणी

ओव्हनमध्ये स्वयंपाक लवकर होत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. फ्लॉवरची परतलेली भाजी कढईत पंधरा मिनिटांत आटोपते. तीच ओव्हनमध्ये, तापवण्याचा वेळ धरून, चाळीस मिनिटं घेते. फायदा असा की त्या चाळिसातली पस्तीस मिनिटं ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही. तेवढ्या वेळात मुलांचा अभ्यास घ्या, आंघोळ करा, नाहीतर नुसते बसून राहा.

म्हणून ओव्हनकडे काय द्यायचं याची कसोटी साधी आहे: तासभर कोणी ढवळलं नाही, बघितलं नाही, तरी जो बिघडत नाही तो पदार्थ. भरली वांगी, भरीत, चिकनच्या तंगड्या, मसालेभात, रताळी हे सगळे या कसोटीला उतरतात. वरण, आमटी, पिठलं, झुणका उतरत नाहीत. डाळ कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्यांत होत असताना ती ओव्हनमध्ये दीड तास ठेवण्यात काही अर्थ नाही. पोळ्यांचंही तेच. कणीक सकाळी भिजवून फ्रिजमध्ये ठेवा किंवा पोळी-भाजी केंद्रातून आणा, पण ओव्हनमध्ये पोळ्या करण्याच्या भानगडीत पडू नका. आठवडाभर टिकणारी मांडणी म्हणजे ओव्हनमध्ये एक ट्रे आणि गॅसवर एक कुकर.

आधी यंत्र ओळखा

चार माणसांच्या घराला २८ ते ३५ लिटरचा ओटीजी पुरतो. १६-१९ लिटरमध्ये दोघांचं भागतं. त्याहून मोठी अडचण अशी की त्यात वरचा तापणारा रॉड पदार्थाच्या फार जवळ येतो आणि वरून करपून आत कच्चं राहतं.

यातले बरेच ओव्हन १४०० ते २००० वॅटचे असतात. त्यांना १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर घालून किंवा एक्स्टेंशन बोर्डावर ते चालवू नका, वायर तापते. एकाच सर्किटवर ओव्हन, गीझर आणि इंडक्शन एकदम लावलं तर एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडणारच. मागे आणि दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, वर काहीही ठेवायचं नाही.

विजेचा हिशोब तितका भीतीदायक नाही. १५०० वॅटचा ओव्हन तासभर अखंड चालला तर दीड युनिट जळेल. पण हवं ते तापमान आल्यावर थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी जळतं. व्होल्टेज मात्र बघा. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील तर रॉडची ताकद जवळजवळ पाऊण होते. संध्याकाळी दिवे मंदावणाऱ्या गावात याच कारणाने पाककृतीतला वेळ जुळत नाही. तिथे तापवायला दहाऐवजी वीस मिनिटं धरा.

बटणावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ओटीजीत १५-२० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तबकडीचा थर्मामीटर आणा, मधल्या जाळीवर ठेवा, बटण १८० वर लावा. वीस मिनिटांनी बघा, मग पाच-पाच मिनिटांनी आणखी दोन-तीनदा. रॉड बंद-चालू होताना काटा वरखाली होईल, त्याचा मध्य धरा. तो १६५ दाखवत असेल तर तुमचा ओव्हन १५ अंश कमी तापतो, आणि इथून पुढे प्रत्येक आकड्यात १५ मिळवायचे. हे एकदाच करायचं काम आहे, पण त्यावाचून खालची सगळी प्रमाणं अंदाजपंचेच राहतील.

या लेखातले आकडे अंश सेल्सियसमध्ये आहेत, वर-खाली दोन्ही रॉड चालू आणि पंखा बंद धरून. पंखा चालू असेल तर १५-२० अंश कमी लावा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतोच. तिथे उंच पायांपेक्षा बुटकी जाळी वापरा, आणि धातूचा ट्रे फक्त कन्व्हेक्शनवर. मायक्रोवेव्हची लहर चालू असलेल्या मोडवर नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. फिरवायचा यांत्रिक टायमर दहा-पंधरा मिनिटांहून कमी वेळेला लावताना आधी वीसच्या पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर घंटी वाजण्याची खात्री नाही.

ट्रे, कागद, फॉइल

ओव्हनबरोबर आलेला ट्रे साधारण ३० बाय २५ सेंटिमीटरचा असतो. त्यावर ५०० ते ६०० ग्रॅम चिरलेली भाजी एका थरात बसते. याहून जास्त घातली की ‘ओव्हनची भाजी उकडल्यासारखी लागते’ ही तक्रार सुरू होते. तुकडे एकमेकांना चिकटले की सुटलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते तिथेच वाफ होऊन भाजी शिजवतं. दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट हवी. चार माणसांना एवढी भाजी कमी पडत असेल तर जोडीला कोशिंबीर करा, ट्रे भरू नका. दोन ट्रे एकावर एक ठेवणंही ओटीजीत जमत नाही. वरचा ट्रे खालच्याला वरच्या रॉडपासून आणि खालचा वरच्याला खालच्या रॉडपासून झाकतो, दोन्ही अर्धवट राहतात.

किराणा दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून मिळणारा कागद कधी कधी मेणाचा थर दिलेला असतो. तो गुंडाळायला ठीक, ओव्हनमध्ये धूर करतो. बेकिंगसाठीचा, वेष्टनावर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेला कागद घ्या, त्या आकड्याच्या पुढे तापमान नेऊ नका आणि कडा ट्रेच्या बाहेर लोंबू देऊ नका. रॉडला लागल्या तर पेटतात. चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू असलेला पदार्थ थेट ॲल्युमिनियमच्या फॉइलवर नको. आंबटाने फॉइलला भोकं पडतात आणि चव बिघडते. मध्ये कागद घाला. काचेचं भांडं ओव्हनला चालणारं असलं तरी फ्रिजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवलं किंवा गरम असताना त्यात गार पाणी ओतलं की तडकतं.

घड्याळ उलटं लावायचं

जेवायची वेळ आधी ठरवा आणि मागे मोजत या. साडेआठला ताट वाढायचं आहे, पदार्थ ४५ मिनिटांचा आहे. बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटं मुरायला धरा, म्हणजे ट्रे ७:३५ला आत जायला हवा. ओव्हन ७:२०ला चालू. ट्रे भरायला दहा मिनिटं. म्हणजे खरं काम ७:२० ते ७:३५ एवढंच. कुकर आठला लावला की वरण-भात बरोबर वेळेवर पडतो. मधली २५ मिनिटं तुमची.

ओव्हन चालू असताना घरात कोणीतरी हवं. वाणसामान आणायला बाहेर पडण्यासाठी ही सोय नाही. आणि सकाळी कच्चं चिकन आत ठेवून संध्याकाळी नुसतं बटण फिरवावं, हा विचारही नको. कच्चं मांस-मासळी बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये. आपल्या उन्हाळ्यात तर तासभरच.

रविवारचं पाऊण तासाचं काम

चालत्या दिवशी हात मोकळे राहतात ते रविवारी केलेल्या तीन डब्यांमुळे.

पहिला डबा कोरडा: एक वाटी दाण्याचं कूट, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, दीड मोठा चमचा गोडा मसाला, तिखट आणि मीठ चवीप्रमाणे. मिक्सरला दोनच वेळा फिरवा, तेल सुटू देऊ नका. फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात राहतो. भरली वांगी, भरली सिमला मिरची, उकडून चिरा दिलेले बटाटे, सगळ्याला चालतो.

दुसरा हिरवा: एक जुडी कोथिंबीर, १२-१५ लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, ६-७ मिरच्या, लिंबाचा रस, पाण्याऐवजी दोन चमचे तेल घालून वाटलेलं. चार-पाच दिवस टिकतं. पाणी घातलं तर दोनच दिवस, शिवाय ट्रेवर त्याचं पाणी पाणी होतं.

तिसरा चक्का: अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार तास फ्रिजमध्ये टांगलेलं. साधं दही लावलेलं पनीर किंवा चिकन ट्रेवर पाणी सोडतं आणि भाजण्याऐवजी त्यात शिजतं.

फ्लॉवरचे तुरे काढून, पूर्ण कोरडे करून तीन दिवस ठेवता येतात, लाल भोपळ्याच्या फोडी दोन-तीन दिवस. वांगी आणि बटाटे आधी चिरू नका. भेंडी धुऊन कोरडी करून ठेवा, चिरा ऐन वेळी.

कोणत्या वारी काय

बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी असतात, कुठे मंगळवारही. म्हणून बुधवार आणि शुक्रवार मासे-चिकनला सोडले आहेत. तुमच्याकडे नियम वेगळे असतील तर अदलाबदल करा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी काढली जातात. अशा ठिकाणी त्या वारी वीज उशिरा आली तर गॅसवर उरकेल असा पदार्थ ठेवलेला शहाणपणाचा.

*सोमवार, भरली वांगी.* लहान काटेरी वांगी अर्धा किलो, आठ-दहा नग. देठ ठेवून चार चिरा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग निथळून पुसा. कोरड्या मसाल्याच्या अर्ध्या डब्यात एक मोठा चमचा किसलेला गूळ आणि दोन चमचे तेल कालवून भरा. खोलगट भांड्यात दाटीने लावा. इथे दाटी चालते, कारण वाफेवरच शिजवायची आहेत. दोन मोठे चमचे तेल वरून, अर्धी वाटी उकळतं पाणी कडेने. कागद आणि त्यावर फॉइल घट्ट दाबून २०० अंशांवर ३५ मिनिटं. मग झाकण काढून दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ घाला आणि उघडं १२-१५ मिनिटं. चिंच आधी घातली तर वांगी तासभरानेही चिवट राहतात, आंबटामुळे भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही. गवार, फरसबी, बटाटा, सगळ्यांना हाच नियम: शिजेपर्यंत चिंच, कोकम, टोमॅटो लांब.

*मंगळवार, मसालेभात.* फोडणीपुरते सात-आठ मिनिटं गॅसपाशी जातात, ती टळत नाहीत. प्लास्टिकचे कान नसलेलं बुटकं पातेलं घ्या. तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, खडा मसाला. त्यात उभी चिरलेली १०० ग्रॅम तोंडली तीन-चार मिनिटं परता. मूठभर मटार, धुऊन निथळलेले दोन वाट्या तांदूळ, दोन लहान चमचे गोडा मसाला, मीठ. पाणी उकळतंच घालायचं. आंबेमोहोर किंवा कोलम असेल तर चार वाट्या, अर्धा तास भिजवलेला बासमती असेल तर साडेतीन. फॉइल दुहेरी लावून वर झाकण, खालच्या जाळीवर, १९० अंशांवर ३० मिनिटं. बंद करून आणखी दहा मिनिटं आतच ठेवा, उघडू नका. गार पाणी घातलं तर ते उकळण्यातच पंधरा मिनिटं जातात आणि वरचे दाणे टचटचीत राहतात. मंद गॅसवरही हा भात खाली लागण्याची धास्ती असते. ओव्हनमध्ये आच चहूबाजूंनी असल्याने तसा लागत नाही.

*बुधवार, बांगडे.* चार बांगडे, प्रत्येकी १५०-२०० ग्रॅम. दोन्ही बाजूंना तीन तीन चिरा, हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ; वीसच मिनिटं मुरू द्या. आंबटात तास-दोन तास राहिला तर मासा भुसभुशीत होतो. रव्यात घोळवा आणि रव्यावर तेलाचा ब्रश फिरवा. तेलावाचून रवा ओव्हनमध्ये कुरकुरीत होत नाही, पांढरा आणि कोरडा राहतो. मासे जाळीवर आणि जाळी ट्रेवर, म्हणजे उलटावे लागत नाहीत. २२० अंश, १५ ते १८ मिनिटं. कण्याजवळचं मांस अपारदर्शक होऊन सहज सुटलं की झाले. सुरमईची दोन सेंटिमीटर जाड तुकडी १२-१४ मिनिटांत होते, अख्खं मध्यम पापलेट १८-२० मिनिटांत. तव्यावरच्या तळलेल्या तुकडीची सर याला येत नाही, ते खरंच. पण स्वयंपाकघरभर तेल उडत नाही.

*गुरुवार, भरीत.* ४०० ग्रॅमचं वांगं, चार-पाच ठिकाणी सुरीने टोचून तेल लावलेलं. न टोचता ठेवलं तर आतल्या वाफेने ओव्हनभर फुटतं. सोबत एक कांदा अर्धा करून, दोन टोमॅटो, सालासकट सहा-सात लसूण पाकळ्या, टोचलेल्या तीन मिरच्या. २२० अंश, लसूण आणि मिरच्या वीस मिनिटांनी काढा, बाकी सगळं ४०-४५ मिनिटं, मध्ये वांगं एकदा उलटा. देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं पाहिजे. वांगं चाळणीत पाच मिनिटं ठेवून पाणी गाळा, मग ठेचा. विजेच्या ओव्हनमध्ये धुराचा वास येणार नाही. तो हवाच असेल तर पेटता कोळसा वाटीत ठेवून त्यावर तेलाचा थेंब टाका आणि दोन मिनिटं झाका. नाहीतर कच्चं तेल आणि कांद्याची पात भरपूर घाला, तेही चांगलंच लागतं. वीज नसेल त्या दिवशी वांगं गॅसवर.

*शुक्रवार, चिकन आणि बटाटे.* तंगड्या आणि मांड्या मिळून ७०० ग्रॅम, हाडासकट. छातीचे तुकडे या कामाला नकोत, ते २५ मिनिटांत होतात आणि बटाटे शिजेपर्यंत सुकून जातात. तीन मोठे चमचे चक्का, तेवढंच हिरवं वाटण, सव्वा लहान चमचा मीठ. आदल्या रात्रीपासून लावलेलं असलं तर उत्तम, पण दोन दिवसांच्या पुढे नको. २५० ग्रॅम बटाट्याच्या तीन सेंटिमीटरच्या फोडी तेल-मिठात घोळवून ट्रेवर, त्यांच्या मधून चिकन, कातडी असेल तर वर करून. २०० अंश, ४५ मिनिटं. हाडाला न टेकवता जाड भागात थर्मामीटर खुपसा: ७४ अंश ही सुरक्षिततेची किमान रेषा आहे. मांडी ८०-८५ पर्यंत गेली तर जास्त मऊ होते, घाबरू नका.

*शनिवार, रताळी.* उपास असो वा नसो. २०० ग्रॅमची अख्खी रताळी टोचून जाळीवर, खाली ट्रे. त्यातून गळणारा गोड चीक तळाच्या रॉडवर पडला तर जळका वास दोन दिवस जात नाही. २०० अंश, ४५-५० मिनिटं. फोडून तूप, दाण्याचं कूट, मीठ, वर दही. जाडजूड रताळ्याला तासही लागतो, वेळेपेक्षा सुरीवर विश्वास ठेवा.

ऐन वेळच्या भाज्यांसाठी, ५०० ग्रॅमला दीड-दोन मोठे चमचे तेल धरून २०० अंशांवर: बटाट्याच्या अडीच सेंटिमीटर फोडी ३५-४० मिनिटं, लाल भोपळा आणि गाजर ३०-३५, फ्लॉवर २५-३०, भेंडी १८-२०, पनीर १२. पनीर त्यापुढे रबर होतं. भेंडीला मीठ बाहेर काढल्यावर.

चुकतं कुठे

वरून काळं, आतून कच्चं: जाळी एक घर खाली घ्या, वर फॉइल सैल टाका, तापमान २० अंश उतरवा. तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह याच्या मुळाशी असतो. ओलं खोबरं, वाटलेली लसूण, गूळ, सुकं तिखट हे पदार्थाच्या वर उघडे राहिले तर २०० अंशांपुढे करपतात आणि कडवट होतात. ते तेलात कालवून लावा किंवा शेवटच्या दहा मिनिटांत घाला.

पांढुरकं आणि ओलसर: दाटी झाली, नाहीतर भाजी धुऊन कोरडी केली नव्हती, नाहीतर ओव्हन तापायच्या आधीच ट्रे आत गेला. फ्रोझन मटार-मका पिशवीतून थेट टाकले तरी हेच होतं.

दर पाच मिनिटांनी दार उघडून बघण्याची सवय सोडा. लहान ओव्हनमधली ऊब क्षणात बाहेर जाते आणि प्रत्येक वेळी वेळ लांबतो. दिवा असतो तो त्यासाठीच.

धूर येत असेल तर बहुधा मागच्या वेळचं तेल तळाच्या ताटलीत साचलेलं असतं. ओव्हन कोमट असताना ती काढून गरम पाण्यात साबण आणि खाण्याच्या सोड्यात अर्धा तास बुडवा. रॉडला पाणी किंवा घासणी लावायची नाही. माशानंतर वास राहतो. रिकामा ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं चालवून दार उघडं ठेवा, म्हणजे गुरुवारच्या भरिताला बांगड्याचा वास येणार नाही.

परदेशातल्या मोठ्या ओव्हनसाठी

अमेरिकेत किंवा युरोपात भिंतीतला ६०-७० लिटरचा ओव्हन असेल तर वरचं गणित थोडं बदलतं. तापायला १५-२० मिनिटं धरा. ट्रे मोठा असल्याने प्रमाण दुप्पट करता येतं, आणि पंखा असेल तर दोन ट्रेही चालतात. अर्ध्या वेळेला वरचा खाली, खालचा वर करा. फॅरनहाइटमध्ये १९० अंश म्हणजे ३७५, २०० म्हणजे साधारण ४००, आणि २२० म्हणजे ४२५च्या जरा वर. बांगडा किंवा वांगं वरून रंगवायला ब्रॉइल (फक्त वरची कडक आच) लावणार असाल तर आधी बेकिंगचा कागद काढून टाका, चिमणी आणि खिडकी चालू-उघडी करा, आणि ती तीन मिनिटं मात्र समोरून हलू नका.